उतरलेला गंधार

“दिल्याशिवाय घेऊ नये, आणि घेतलंच तर विसरू नये.”

संभाजी ओव्हाळ हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणत. त्यातला पहिला अर्धा ते मोठ्यानं म्हणत. दुसऱ्या अर्ध्याला आवाज खाली जाई. बैलगाडी ओढ्याच्या वाळूत उतरली की चाकांचा खडखडाट एकाएकी मऊ पडतो, तसा. बुधवार पेठेतल्या त्या बोळात पहिला अर्धा सगळ्यांना पाठ होता आणि चहावाला त्याची नक्कलही करी. दुसऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पहिला अर्धा येरवड्याच्या विहारातला. दर रविवारी ओव्हाळ पांढरे कपडे घालून तिथे जात आणि सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत. त्यातलं दुसरं शील, जे दिलेलं नाही ते घेण्यापासून मी दूर राहीन, ते म्हणताना त्यांचे डोळे मिटलेले असत. वाक्याचा दुसरा अर्धा त्यांनी स्वतः जोडला होता. का जोडला, हे कोणी विचारलं नव्हतं.

बोळाच्या दोन्ही बाजूंना वायरी, दिव्यांच्या माळा, स्पीकर आणि रिमोट यांची दुकानं. एका इमारतीचा जिना चढून गेलं की पॅसेजच्या टोकाला ओव्हाळांची जागा होती. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं जिन्यात थांबावं, एवढीच. तिथे ते खेळाची जुनी यंत्रं दुरुस्त करत. टीव्हीला जोडायचे ते व्हिडिओ गेम, ज्यांच्या कंपन्यांनी हात झटकून कैक वर्षं झाली, ती यंत्रं त्यांच्या टेबलावर पोटं उघडी टाकून पडलेली असत. दारावर पाटी होती: ‘यंत्रात चोरीचे काही भरून मिळत नाही. सगळे देतात असे सांगू नये. मग सगळ्यांकडे जावे.’

वैशाखातल्या एका दुपारी नीरजा आगाशे तो जिना चढून आल्या. नारायण पेठेत राहणाऱ्या, मुलींच्या शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या बाई. हातात कापडी पिशवी, दोन्ही हातांनी खालून धरलेली, काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं धरावं तशी. पाटी त्यांनी पूर्ण वाचली, शुद्धलेखन बरोबर आहे हे पाहिलं आणि मगच आत पाऊल टाकलं.

पिशवीतून राखाडी रंगाचं, गोल झाकणाचं एक यंत्र निघालं. गेल्या भाद्रपदात ते बंद पडलं होतं. बटण दाबलं तरी दिवा लागत नव्हता. त्यांनी सांगितलं, मला यावर खेळायचं नाही. चालू करताना याचा जो आवाज येतो, तो मला हवा आहे.

ओव्हाळांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. रोज तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं येत, पण नुसता आवाज मागायला कोणी आलं नव्हतं. त्यांनी स्टूल पुढे केलं, आणि नीरजाबाईंनी सांगायला सुरुवात केली.

यंत्र त्यांच्या मुलाचं होतं. गंधार त्याचं नाव. नीरजाबाई लहानपणी पेटी शिकल्या होत्या, त्या पेटीतल्या सुरावरून ठेवलेलं. यंत्र आलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बटण दाबलं की आधी खोल विहिरीत घागर बुडावी तसा एक घुमारा येई, आणि मग त्यावरून पाच घंटा एकामागून एक वाजत. त्यांतली तिसरी घंटा उतरलेली होती. जिथे शुद्ध गंधार लागायचा तिथे तो किंचित खाली, कोमलाकडे कलंडलेला लागे. आईनं हे कानानं ओळखलं आणि मुलाला सांगितलं. तेव्हापासून घरात एक थट्टा सुरू झाली. शाळेतून आला, यंत्र लावलं की तो ओरडे, आई, यानं परत माझं नाव चुकीचं घेतलं. कॉलेजात गेला, नोकरीला लागला, तरी शनिवारी संध्याकाळी यंत्र लावी आणि तिसरी घंटा वाजली की स्वयंपाकघराच्या दिशेनं एवढंच म्हणे, “घेतलं.” आणि नीरजाबाई कुकरला शिटी लावता लावता म्हणत, “ऐकलं.”

सहा वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याचे वडील, श्यामसुंदर, गेले. त्यानंतर रोज संध्याकाळी सातला नीरजाबाई टीव्ही लावत, यंत्राचं बटण दाबत, पाच घंटा ऐकत आणि बंद करत. घरात दुसरं कोणी बोलणारं नव्हतं. यंत्र बोले, तेही एकच नाव, आणि तेही चुकीचं.

यंत्र बंद पडल्यावर त्यांच्या बहिणीचा मुलगा आमोद लॅपटॉप घेऊन आला. तो हिंजवडीत कामाला होता. त्यानं नेटवरून काहीतरी उतरवून घेतलं आणि पाच मिनिटांत लॅपटॉपवर तेच चित्र आणि त्याच पाच घंटा वाजवून दाखवल्या. तिसरी घंटा स्वच्छ होती. शुद्ध गंधार. नीरजाबाई म्हणाल्या, हा आमचा नाही. आमोद हसून म्हणाला, “मावशी, सगळ्या मशीनचा सेम असतो. तुझ्या लक्षात चुकीचं राहिलंय.”

मग जे सांगायला खरं तर आल्या होत्या ते त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून त्यांना सात वाजता तो आवाज कानात येई, यंत्र बंद असतानाही येई. आधी उतरलेली घंटा येत होती. आता मधूनच स्वच्छ घंटा येऊ लागली होती. दोन वेळा उतरलेली, एकदा स्वच्छ. मग एकदा उतरलेली, दोन वेळा स्वच्छ. ओल धरलेल्या भिंतीवर नव्या चुन्याचा हात फिरावा तसा कोणीतरी त्यांच्या आतला सूर पुसत होता.

“पुरता पुसला जाण्याआधी मला तो एकदा ऐकायचा आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या लक्षात चुकीचं राहिलं असेल, तर तेही सांगा. ऐकून घेईन.”

ओव्हाळांनी यंत्र हलवून पाहिलं, वास घेतला. मुख्य बोर्डावरचा एक भाग जळला होता आणि तो मिळणं आता शक्य नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की दुसरा एक मार्ग आहे, आमोदचाच, पण सरळ रस्त्यानं जायचा.

त्यांच्या लहानपणी येरवड्याच्या वस्तीत एक बहुरूपी येई. कधी पोस्टमन होऊन, कधी फौजदार होऊन. तुरुंगाच्या भिंतीला लागून वस्ती, फौजदाराची चाल पोराटोरांनाही ओळखीची. तरी बहुरूपी आला की घरं दारं लावून घेत. खरा फौजदार कशावर खेकसतो, कशावर गप्प बसतो, हे त्यानं वर्षानुवर्षं पाहून ठेवलेलं होतं. इम्युलेटर म्हणजे तोच बहुरूपी, ओव्हाळ म्हणाले. संगणकावरचा एक प्रोग्रॅम. जुन्या यंत्राचा मेंदू एका सेकंदात लाखो बारीक आज्ञा पाळायचा: हे चित्र डावीकडे सरकव, हा सूर वाजव, बटण दाबलं का बघ. हा प्रोग्रॅम त्यांतली एकेक आज्ञा वाचतो आणि संगणकाला त्याच्या भाषेत तेच काम करायला लावतो, तेही जुन्या यंत्राच्याच चालीनं, ना भरभर ना सावकाश. गेमला वाटतं, आपण जुन्याच घरी आहोत.

पण यंत्रात एक छोटी चिप असते. वीज आली की यंत्र सगळ्यांत आधी जे बोलतं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. लोक त्याला बायोस म्हणतात. ओव्हाळ ‘पहिला शब्द’ म्हणत. नीरजाबाईंच्या घंटा त्या पहिल्या शब्दातल्या होत्या. कोणीतरी बसून तो लिहिलेला, पुस्तक लिहितात तसा, आणि त्याच्यावर हक्क कंपनीचा.

“पोलिसासारखं चालून दाखवणं ही कला आहे, बाई,” ओव्हाळ म्हणाले. “त्याच्या खिशातलं ओळखपत्र काढून घेणं ही चोरी. मधली भिंत फार उंच नाही. पण आहे.”

शिवाजीनगर कोर्टातले एक वकील मुलीचा गेम दुरुस्तीला घेऊन येत, त्यांना ओव्हाळांनी एकदा खोदून विचारलं होतं. वकील म्हणाले होते, यंत्र ज्याच्याकडे रीतसर आहे त्यानं ते नष्ट होण्याच्या भीतीनं स्वतःच्याच यंत्रातून एक राखीव प्रत काढली, तर आपल्या कायद्यात तेवढी वाट दिसते. अर्थात दोन वकील बसवले तर त्यावरही दोन मतं होतील. नेटवरून भलत्याची प्रत उचलायची, याच्या बाजूनं मात्र त्यांना मत सापडलं नव्हतं. काही इम्युलेटरवाल्यांनी पहिला शब्द स्वतःच्या बुद्धीनं नव्यानं लिहून काढला आहे. तो मोकळा आहे, कोणीही घ्यावा. पण त्यात या घंटा नाहीत.

“तर तुमच्या यंत्रातला पहिला शब्द तुमच्यासाठी काढून देतो. बिल आहे का?”

बिल होतं. श्यामसुंदर आगाशे यांनी आयुष्यात एकही बिल फेकलं नव्हतं. ओव्हाळांनी ते दोनदा वाचलं, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, दिल्याशिवाय घेऊ नये. मग त्यांनी स्क्रू काढायला घेतले.

नीरजाबाई टेबलापलीकडून पाहत होत्या. झाकण निघालं, पत्र्याचं आवरण निघालं. हिरव्या बोर्डावर काळ्या चिपा दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि त्यांत एक वेगळी होती. बाकीच्यांपेक्षा मोठी, उंचावर बसवलेली, आणि तिच्या पाठीवर चंदेरी कागदाचा चौकोन चिकटवलेला. त्यावर निळ्या शाईनं काहीतरी लिहिलं होतं. शाई फिकी झाली होती, पण अक्षर सुबक होतं. ‘सं. ओ. १४-६.’

ओव्हाळांचा हात थांबला. स्क्रूड्रायव्हर त्यांनी इतक्या हळू खाली ठेवला की टेबलाला कळलं नसावं. बाहेर कोणीतरी नवा स्पीकर लावून पाहत होता, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.

“चार दिवसांनी या,” एवढंच ते म्हणाले. मान वर केली नाही.

ते चार दिवस नीरजाबाईंना जड गेले. आता कानात उतरलेली घंटा येईचना. सात वाजले की स्वच्छ, गुळगुळीत, परक्या घरची घंटा येई आणि त्या दचकत. त्यांनी पेटी काढली. कोमल गंधार दाबून पाहिला, शुद्ध गंधार दाबून पाहिला. हवा होता तो दोन्हींच्या मधल्या भेगेत कुठेतरी होता, आणि पेटीला भेगा नसतात. रात्री अंथरुणावर पडल्या की वाटे, आमोद बरोबर असेल. घंटा कधी उतरलेली नव्हतीच. मग ती थट्टा? ती तरी झाली होती का? एक सूर सुटला की त्याच्यामागून शनिवार सुटत होते, आणि त्या शनिवारांमागून दारातला आवाज. ‘घेतलं’ म्हणणारा.

पाचव्या दिवशी त्या जिना चढून गेल्या. ओव्हाळ टेबलाशी रिकाम्या हातानं बसले होते. त्यांना तसं बोळात कोणी पाहिलं नसेल.

ते म्हणाले, काम होणार नाही. तुमच्या पुतण्यानं नेटवरून घेतलंय ना, ते चांगलं आहे. तेच ठेवा.

“भाचा,” नीरजाबाई म्हणाल्या. मग त्या दारापर्यंत गेल्या आणि पाटी मोठ्यानं वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, शाळेत सूचना वाचून दाखवत तशी. परत येऊन स्टुलावर बसल्या. “ही पाटी काढलीत की सांगा, मी नेटवरचं ठेवते. चिपेवर ‘सं. ओ.’ कोण?”

ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग ते बोलू लागले. थांबत थांबत, दूरच्या विहिरीवरून पाणी आणावं तसं, दर वेळी थोडंच.

दोन हजार तीन सालचा जून. तेव्हा ते याच बोळात दुसऱ्याच्या गाळ्यात कामाला होते. पावसाळ्याच्या तोंडाला विजेचा दाब एकदम वाढला आणि पेठांतली कितीतरी यंत्रं जळाली. एक गृहस्थ यंत्र घेऊन आले. पहिला शब्दच जळाला होता, आणि तशी चिप कुठेही मिळत नव्हती. गृहस्थ दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. चौथ्यांदा म्हणाले, मुलगा नीट जेवत नाही हो. त्या वेळी फळीवर तसंच दुसरं एक यंत्र होतं, रास्ता पेठेतल्या एका बाईंनी फक्त साफ करायला दिलेलं. ओव्हाळांनी जेवणाच्या सुट्टीत ते उघडलं, कोणाला न विचारता त्याचा पहिला शब्द उतरवून घेतला, आणि झाकण लावून यंत्र होतं तसं फळीवर ठेवलं. त्या बाईंचं काहीही कमी झालं नाही. नकलेनं मूळ कमी होत नाही, म्हणूनच हात धजतो, ते म्हणाले.

तो शब्द भरायला कोरी चिप नव्हती. जुनी एक पडली होती. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असते, तिच्यातून ठरावीक दिव्याचा उजेड पाडला की आधी लिहिलेलं पुसलं जातं. घाई होती. चिप पुरती पुसली गेली नाही. आधीच्या कोणत्या तरी यंत्राचं, कोणाचं ते देव जाणे, एक अक्षर खाली राहून गेलं, आणि नव्या लिखाणाच्या मधोमध वर आलं. यंत्र लावून पाहिलं तेव्हा तिसरी घंटा खाली घसरली. ओव्हाळांना ऐकू आलं. गाळ्याचे मालक म्हणाले, वाजतंय ना? मग द्या. त्यांनी खिडकीवर चंदेरी कागद लावला, सवयीनं नाव घातलं, आणि दिलं.

“घ्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला,” ओव्हाळ म्हणाले. “मी तो खाल्ला. सांगितलं काहीच नाही.”

त्यानंतर स्वतःचं दुकान झालं, पाटी लागली. बावीस वर्षांत त्यांनी शेकडो यंत्रं सुरू केली. प्रत्येक वेळी ते तिसऱ्या घंटेची वाट पाहत. ती स्वच्छ वाजे, आणि तिच्या खालून त्यांना दुसरी वाजे, घसरलेली. कधी भर दुपारी, यंत्र बंद असताना वाजे. ते यंत्र कुठे गेलं हे त्यांना माहीत नव्हतं. गृहस्थांचा चेहरा आठवे, नाव नाही. परवा चंदेरी कागद दिसला तेव्हा त्यांना वाटलं, मेलेलं माणूस दार वाजवून आत आलं.

यंत्र पहिल्याच वर्षी दुरुस्तीला गेलं होतं, हे नीरजाबाईंना आत्ता आठवलं; त्याआधी त्यांनी घंटांकडे कान दिलाच नव्हता. त्यांना आधी एवढंच कळलं की आपल्या लक्षात चुकीचं राहिलेलं नाही. मग कळलं की जो सूर त्यांना त्यांच्या घरी ऐकू येत होता, तोच पुलापलीकडे येरवड्यात दुसऱ्या एका माणसाला ऐकू येत होता, तितकीच वर्षं. त्यांनी मग थट्टेची गोष्ट पुन्हा सांगितली. मुलगा ‘घेतलं’ म्हणे, मी ‘ऐकलं’ म्हणे. या वेळी ओव्हाळांनी ती वेगळ्या कानानं ऐकली.

“चूक कळवायला बावीस वर्षं लावलीत,” नीरजाबाई म्हणाल्या. “असो. आवाज आहे का चिपेत अजून?”

आवाज होता. ओव्हाळांनी चिप पाच वेळा वाचून पाहिली होती आणि पाचही वेळा तेच अक्षर, त्याच जागी. त्यांनी खण उघडून एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. त्यात ते सगळं होतं. लॅपटॉपवरच्या इम्युलेटरला दिलं की घंटा वाजतील, हव्या तशा, हव्या तेवढ्या वेळा, कधी न झिजता. पण ते बिलावरचं नव्हतं. बाईंचा स्वतःचा पहिला शब्द त्या जूनमध्येच जळाला होता. हा रास्ता पेठेतून न विचारता आणलेला. त्याची आणखी एक नक्कल म्हणजे तीच चोरी पुन्हा.

मग ते उठले आणि मागच्या फळीवरून स्वतःचं यंत्र काढलं. तसंच राखाडी, गोल झाकणाचं, त्यांनी पहिल्या कमाईतून घेतलेलं, ज्याच्यावर ते सगळं शिकले. दुसरा मार्ग हा, ते म्हणाले. याच्यातली मूळ चिप काढतो, तुमची ती चिप यात बसवतो. हे यंत्र मी देतोय, ते तुम्ही घ्या. नवी नक्कल होणार नाही. “चूक ती चूकच राहील. पण तिची पिल्लं होणार नाहीत. एक सांगतो. ही चिप कायमची नाही. तिच्यावरचं लिहिलेलं आपोआप विझत जातं. पाच वर्षं, पंधरा वर्षं, कोणी सांगू शकत नाही. पेन ड्राइव्ह विझणार नाही. मी तुम्हाला नाही म्हणणार नाही, बाई. नाही म्हणायला मला तोंड उरलं नाही. तुम्ही उचला.”

टेबलावर दोन्ही वस्तू होत्या. पेन ड्राइव्ह हातात घेऊन नीरजाबाईंनी तो उलटसुलट पाहिला. करंगळीएवढा. त्यात गंधार होता, न विझणारा. हाताला तो सोडवेना. मग त्यांच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं आलं, एखाद्या गावची जत्रा यावी तसं, ढकलत, गर्दीनं.

“आमोद हे ग्रुपवर टाकेल,” त्या म्हणाल्या. “खाली पंचवीस जण हात जोडलेले पाठवतील. एखादी वहिनी रिंगटोन करेल.” पेन ड्राइव्ह त्यांनी ओव्हाळांपुढे सरकवला. “पुसून टाका. माझ्यादेखत.”

ओव्हाळांनी पुसला. संगणकातली वाचलेली प्रतही पुसली. नीरजाबाईंनी दोन्ही वेळा वाकून खात्री करून घेतली.

रविवारी सकाळी ओव्हाळ विहारातून परस्पर नारायण पेठेत आले, पांढऱ्या कपड्यांत, यंत्र खांद्याच्या पिशवीत. आमोदही आला होता. जुना डब्याचा टीव्ही नीरजाबाईंनी मोडीत काढला नव्हता. ओव्हाळांनी खाली मांडी घालून वायरी जोडल्या. यंत्राच्या झाकणावर एक चरा होता, तो बाईंच्या यंत्रावर नव्हता. बाकी सगळं तेच. ते उठून भिंतीपाशी उभे राहिले आणि बटण दाबायची खूण केली.

आमोदनं फोन वर धरला. नीरजाबाईंनी त्यावर तळहात ठेवला आणि तो खाली केला.

बटण दाबलं. घागर बुडाली. घुमारा खोलीभर पसरला. पहिली घंटा वाजली. दुसरी वाजली. तिसरी आली आणि वाटेत पाय घसरल्यासारखी खाली गेली. चौथी, पाचवी. मग शांतता, तीत टीव्हीची बारीक शीळ.

आमोद हळूच म्हणाला, “हो गं मावशी. उतरलेलीच आहे.”

नीरजाबाईंचे ओठ हलले. शब्द बाहेर आला नाही, पण भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कळला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली.

चहाला ते थांबले नाहीत. चंदेरी कागद काढू नका, उन्हात ठेवू नका, एवढं सांगितलं. रोज लावलं तर चालेल का, असं नीरजाबाईंनी विचारलं. रोज लावा, ते म्हणाले. न लावल्यानं वाचत नाही.

ते जिना उतरले. नीरजाबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. पांढरा सदरा, हातात घडी केलेली रिकामी पिशवी, आणि पायांची चाल सावकाश, नांगर सोडून घरी निघालेल्या माणसाची. ते पेपरवाल्याच्या टपरीपर्यंत गेले तेव्हा नीरजाबाई झटकन आत वळल्या, टीव्हीचा आवाज मोठा केला, यंत्र बंद केलं आणि पुन्हा लावलं. मग परत गॅलरीत.

ओव्हाळ टपरीपाशी थांबले होते. पाठ इकडे, डोकं किंचित कललेलं. घुमारा रस्त्यावर उतरला. एक. दोन. तिसऱ्या घंटेला त्यांचे खांदे खाली आले. ते जड झाले की हलके, इतक्या लांबून कळलं नाही. पाचवी घंटा विरेपर्यंत ते उभे राहिले. मागे वळून पाहिलं नाही. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि नदीकडच्या रस्त्याला लागले.

आमोदनं विचारलं, काका का थांबले होते. वळणापाशी सदरा दिसेनासा झाला तरी नीरजाबाई कठडा धरून तिकडेच पाहत होत्या.